जुनी पद्मिनी टप्प्याटप्प्याने सुधारताना

प्रीमियर पद्मिनी ही मुळात इटलीची फियाट ११०० डी. कुर्ल्याच्या कारखान्यात ती १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने बनू लागली आणि पुढे पद्मिनी झाली. १०८९ सीसीचे साधे इंजिन, पेट्रोल व हवा मिसळून देणारा कार्ब्युरेटर आणि कोणत्याही संगणकाविना चालणारी यंत्रणा यांमुळे थोडी हत्यारे आणि पुष्कळ चिकाटी असलेल्या माणसाला ती घरी सुधारता येते. मात्र एकदम सगळी गाडी उघडू नये. एका वेळी एकच काम हाती घ्यावे आणि ते संपल्यावर गाडी चालती ठेवावी, कारण सुटी करून ठेवलेली गाडी पैशाअभावी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

पहिला खर्च गंज शोधण्यावर करावा. या गाडीला वेगळी चॅसी, म्हणजे खालची स्वतंत्र लोखंडी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार पेलतो. म्हणून पायपोस काढून जमिनीचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) जिथे बसतात त्या जागा टोच्याने ठोकून पाहाव्यात. टोच्या आत गेला, तर तिथले वेल्डिंग चांगल्या पत्राकामवाल्याकडूनच करून घ्यावे. इथे हौस आणि काटकसर दोन्ही बाजूला ठेवलेली बरी.

त्यानंतर ब्रेक. चारही चाकांना ड्रम असतात आणि जुन्या गाड्यांत सगळ्या चाकांसाठी ऑइलचा एकच मार्ग असल्यामुळे एक व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा सिलिंडर) गळला, तरी पेडल थेट खाली जाते. म्हणून पेडलने दाबला जाणारा मास्टर सिलिंडर आणि व्हील सिलिंडर यांची रबर किट व लवचीक नळ्या एकाच वेळी बदलाव्यात. आतून गंजलेला सिलिंडर मात्र किट घालून वाचवू नये. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम लोखंडी स्टँडवर घ्यावी. ड्रममधली धूळ फुंकू नये, कारण जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसावी. ब्रेक ऑइलमध्ये अडकलेली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या, म्हणजे डाव्या मागच्या चाकापासून सुरुवात करावी आणि पहिली चाचणी रिकाम्या जागेत, कमी वेगात घ्यावी.

इंधनाचे काम स्वस्त आहे, तरी पुष्कळजण ते टाळतात. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुने रबर त्यात फुगते किंवा चिरते. त्यामुळे टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या इंधन-पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे घ्यावेत. रेडिएटर साफ करून होज बदलले, की गाडी घाटात तापण्याची तक्रारही बरीच कमी होते.

विजेच्या कामात सर्वांत कमी पैशात दिसणारा फरक हेडलाइटच्या रिलेने, म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचने पडतो. जुन्या स्विचमधून आणि लांबलचक वायरमधून जाताना व्होल्टेज गळते. रिले व फ्यूज घालून बॅटरीपासून थेट वायर आणली, तर त्याच बल्बचा उजेड वाढतो. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडावी. बॅटरी चार्ज करायला जुना डायनामो असलेल्या गाडीला त्याऐवजी अल्टरनेटर बसवणे हा त्यापुढचा टप्पा. सिग्नलला उभे असतानाही बॅटरी चार्ज होत राहणे, हा त्याचा मोठा फायदा.

दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवण्याचा मोह मात्र आवरावा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अशा बदलांवर बंधने घालते. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल, तर चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. काढलेला प्रत्येक मूळ भाग म्हणूनच चिठ्ठी लावून जपून ठेवावा. भंगारात त्याला कवडीमोल भाव येतो आणि पुन्हा हवा असेल तेव्हा कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत तोच शोधत फिरावे लागते.

आसने आणि रंग सर्वांत शेवटी, कारण वेल्डिंगची आच लागली की नवा रंग जळतो आणि ते पैसे दुसऱ्यांदा मोजावे लागतात.