ब्रेकचं काम: शोरूम, मिस्त्री की घरचं अंगण?

शोरूमनं तीन हजार सांगितले, मिस्त्री पंधराशेत करून देतो म्हणतो, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओत कुणीतरी अर्ध्या तासात दोन्ही चाकं उरकून मोकळा होतो. हे तीन आकडे शेजारी मांडून काही कळत नाही, कारण प्रत्येक जण वेगळ्याच कामाचा भाव सांगतोय. एकाच्या भावात चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना साफ करणं आहे, दुसऱ्याच्या भावात फक्त जुने पॅड काढून नवे बसवणं. म्हणून भाव विचारण्याआधी गाडीला काय हवंय ते स्वतः बघून घ्या.

नव्या पॅडवर घासला जाणारा थर साधारण 10 मिमीच्या आसपास असतो. तो 3 मिमीवर आला की पॅड बदलायचे. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवली की जवळपास तेवढीच जाडी होते. मोजताना मागची लोखंडी पट्टी धरायची नाही, फक्त थर. अलॉय व्हील असेल तर टॉर्च मारून बाहेरचा पॅड दिसतो, पण आतला दिसत नाही, आणि फसवणारा नेमका तोच असतो. कॅलिपर ज्यावर सरकतो ती पिन अडकली किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन नीट मागे सरकेनासा झाला की एक पॅड भराभर झिजतो आणि दुसरा तसाच राहतो. त्यामुळे एकदा तरी चाक काढून बघायला हवं.

आवाजावरूनही बराच अंदाज येतो. ब्रेक दाबताना बारीक चींऽऽ ऐकू आली तर बहुतेकदा पॅड झिजल्याचं सांगणारी, पॅडवरची इंडिकेटरची पत्ती डिस्कला लागतेय. अजून थोडे दिवस हातात आहेत. घर्रर्र असा जाड आवाज म्हणजे लोखंडावर लोखंड घासतंय, आता डिस्कही जाणार. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत असेल तर आधी डिस्क तपासा, नुसते पॅड बदलून ती थरथर जात नाही. आणि रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या गाडीनं सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर केली तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज आहे. कॉलनीच्या गेटपर्यंत जाईतो निघून जातो. त्यासाठी कुणाला दमडी देऊ नका.

आता हिशोब. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली छोटी हॅचबॅक धरू, काम पुढच्या दोन्ही चाकांचे पॅड. खालचे आकडे फक्त मोजणीसाठी धरलेत. आपल्या गाडीचा पार्ट नंबर घेऊन दोन फोन करा आणि खरे आकडे त्यांच्या जागी घाला.

शोरूम: कंपनीचे पॅड 2,000, मजुरी 600, वर 'ब्रेक क्लीनिंग अँड ग्रीसिंग'ची वेगळी ओळ 400. पॅडच्या एमआरपीत कर आधीच धरलेला असतो, मजुरीवर मात्र 18 टक्के जीएसटी वेगळा लागतो, म्हणजे आणखी 180. एकूण 3,180.

मिस्त्री: तेच कंपनीचे पॅड तुम्ही काउंटरवरून आणून दिले तर 2,000 अधिक 300. दुसऱ्या एखाद्या चांगल्या ब्रँडचे पॅड घेतले तर 1,200 अधिक 300, म्हणजे 1,500. पिना काढून साफ करायला सांगितल्या तर वर दोनशे.

घरी: पॅड 1,200, ब्रेक क्लीनरचा स्प्रे आणि सिलिकॉन ग्रीस मिळून 400, एकूण 1,600. अवजारं वेगळी: उचललेली गाडी पेलणाऱ्या जॅक स्टँडची जोडी, ठरावीक जोरानं (टॉर्कनं) आवळायचा टॉर्क पाना, पिस्टन दाबायला सी-क्लॅम्प, बऱ्यापैकी पाना सेट. सगळं विकत घ्यायचं म्हटलं तर पाचेक हजार सहज जातात.

परदेशी व्हिडिओ बघून जी गफलत होते ती इथे आहे. ज्या देशात तासाची मजुरीच पॅडपेक्षा महाग, तिथे घरी काम केल्यानं मोठा पैसा वाचतो. इंदुरात मिस्त्रीचे तीनशे वाचवायला पाच हजारांची अवजारं घेणं हे फक्त ब्रेकच्या हिशोबात बसत नाही. अवजारं आधीपासून असतील किंवा घरात दोन-तीन गाड्या असतील तर गोष्ट वेगळी. घरच्या कामाचा खरा फायदा पैशाचा नाहीच. पिन बाहेर काढून पुसली का, हे तुमच्या डोळ्यासमोर होतं, एवढाच.

शोरूमचं एस्टिमेट ओळीओळीनं वाचा. 'ब्रेक ओव्हरहॉलिंग' एवढंच लिहिलं असेल तर त्यात नेमकं काय येतं ते विचारा. पॅड बदलताना क्लीनिंग व्हायलाच हवं, त्याची वेगळी ओळ असेल तर मजुरी नक्की कशाची ते विचारायला संकोच कसला? डिस्क बदला म्हणाले तर जाडी मोजून दाखवा म्हणायचं. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते, जाडी मोजायचं व्हर्नियर लावलं की वाद मिटतो. आकडा त्या मर्यादेच्या वर असेल आणि पृष्ठभाग फक्त खडबडीत असेल, तर लेथवर घासून काम भागतं, पण घासल्यावर उरणारी जाडीही मर्यादेच्या वरच राहायला हवी. मर्यादेखाली गेलेली डिस्क मात्र बदलायचीच, दोन्ही बाजूंची एकदम. तिथे काटकसर नको.

मिस्त्रीकडे काळजी दोन गोष्टींची. पहिली, माल. इंदूरच्या छोटी ग्वालटोलीत पार्ट्सच्या दुकानात जाल तेव्हा 'स्विफ्टचे पॅड द्या' म्हणून भागत नाही. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आणि मॉडेलनुसार पॅड बदलतात. जुन्या पॅडचा फोटो आणि आरसीवरचं वर्ष जवळ ठेवा. डब्यावर पार्ट नंबर, एमआरपी आणि बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसेल तर तो डबा परत करा. नकली पॅड पहिल्या आठवड्यात चांगलेच वाटतात, गरम झाल्यावर त्यांची पकड जाते. दुसरी काळजी, घाई. दारात चार गाड्या उभ्या असल्या की मिस्त्री पिनांना हात न लावता पॅड बसवून गाडी सोडतो. आधीच सांगून ठेवा: "भैया, पिन निकालके साफ करना, और पुराना माल डिक्की में रख देना." जुने पॅड हातात आले की आतला-बाहेरचा झिजण्यातला फरक बघता येतो. हवेचा पाइप मारून ब्रेकची धूळ उडवायला लागले तर लांब उभे राहा, ती छातीत जाऊ देण्यासारखी नसते.

घरी करायचंच असेल तर जागा सपाट आणि पक्की हवी. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना विटा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव फेरा सैल करा. जॅकवर उचलून लगेच स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. दोन्ही चाकं एकदम खोलू नका. एक बाजू तशीच राहिली तर काय कुठे बसतं ते बघायला नमुना हाताशी राहतो.

कॅलिपरचा खालचा बोल्ट काढला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वर फिरतो. पूर्ण काढावा लागला तर तारेनं सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा, रबरी पाइपवर लटकत ठेवू नका. आता पिना. ओढून बाहेर काढल्यावर त्यांवर मधासारखं घट्ट, तपकिरी झालेलं जुनं ग्रीस दिसेल. ते सगळं पुसा. रबरी बूट फाटला असेल तर बदला, तो काही रुपयांत मिळतो आणि तो फाटका राहिला की पाणी आत जाऊन पिन पुन्हा जाम होते. नवं ग्रीस सिलिकॉनचंच, तेही पातळ. बेअरिंगचं पेट्रोलियम ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि सहा महिन्यांत तोच त्रास परत.

पिस्टन मागे ढकलण्याआधी बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पॅड झिजत जातात तशी ऑइलची पातळी खाली येते. मधे कुणी टॉप-अप केलं असेल तर पिस्टन मागे जाताना ऑइल वर येऊन सांडतं आणि रंग खातं. टाकी भरलेली दिसली तर स्वच्छ सिरिंजनं थोडं काढून घ्या. सांडलंच तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. जुना पॅड पिस्टनवर धरून सी-क्लॅम्प सावकाश आवळा. नवे पॅड बसवताना इंडिकेटरची पत्ती जुन्या पॅडवर जिथे होती तिथेच आली पाहिजे. पॅडच्या तोंडाला ग्रीसचा ठिपकाही लागायला नको. बोल्ट आणि नट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. पान्यावर उभं राहून आवळलेला नट पंक्चरच्या वेळी रस्त्यात निघत नाही.

आणि गाडी हलवण्याआधी पेडल मारा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिला ब्रेक थेट तळाला जातो. पेडल कडक होईपर्यंत मारा, मगच इंजिन चालू करा. हे विसरल्यामुळे गाड्या गेटवर आदळतात.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. सकाळी लवकर, सुपर कॉरिडॉरसारख्या मोकळ्या रस्त्यावर 50 पासून 10-15 पर्यंत मध्यम दाबानं आठ-दहा वेळा वेग कमी करा. पूर्ण थांबू नका, मधे थोडं अंतर जाऊ द्या.

ब्रेक ऑइल हे वेगळं काम आहे, आणि शोरूम काय मिस्त्री काय, दोन्हीकडे तेच बहुतेकदा राहून जातं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 या प्रकारचं ऑइल नवं असताना 230 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 155 वर येते. शहरातल्या सिग्नलवर फरक कळत नाही. महेश्वरला जाताना मानपूर ओलांडून गणेश घाट उतरायचा, गाडीत पाच माणसं, आणि गिअर खाली घेण्याऐवजी पाय सतत ब्रेकवर, तर तिथे कळतो. ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं होतं. दर दोन वर्षांनी बदला, टाकीच्या झाकणावर लिहिलंय तोच डॉट नंबर घ्या आणि बाटली आधी उघडलेली नको. एबीएस (ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत टाकी रिकामी होऊन हवा आत शिरली तर ती काढायला कधीकधी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लागतो, म्हणून हे काम घरी न केलेलंच बरं.

मागे इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक (बटणानं लागणारा हँडब्रेक) असेल तर सरळ शोरूमला किंवा स्कॅनर असलेल्या गॅरेजला जा. क्लॅम्प लावून त्याचा पिस्टन ढकलला तर त्याची मोटर तुटू शकते, आणि मग तीनशेची बचत काही हजारांना पडते. मागच्या ड्रममधले, ड्रमला आतून घासणारे शू मिस्त्रीच चांगले करतात. स्प्रिंगांचं ते जंजाळ पहिल्यांदा उघडणाऱ्याचा अख्खा रविवार खातं.

काम कुठेही झालेलं असो, शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्कवर तपासा. आठवड्यानं पुढच्या दोन्ही रिमांवरून बोट फिरवून बघा. एका बाजूला काळी भुकटी जास्त असेल, किंवा गाडी थांबवल्यावर एकच चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेलं असेल, तर त्या बाजूची पिन अजून अडकतेय. बिल घेऊन त्याच माणसाकडे परत जा.