करंगळी गिटारच्या फ्रेटबोर्डवरून उडते? असं केल्यावर थांबली

लक्षण: १-२-३-४ (तर्जनी ते करंगळी, एकेक बोट ओळीने) वाजवताना अनामिका दाबली की करंगळी दोन इंच वर उडते, पुढचा सूर उशिरा येतो. स्प्रिंगचा ग्रिपर, वेग वाढवून सराव, दोन्ही वाया. पंजा उलट ताठ झाला. वैताग नुसता.

आधी गिटार तपासा. ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने अकूस्टिकचं लाकूड फुगतं, तारा वर येतात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची, दांड्यावरची, धातूची आडवी पट्टी) जाड तारेखाली २.५ मिमीच्या आसपास अंतर हवं. ३ च्या वर गेलं असेल तर आधी सेटअप (तारांची उंची जुळवून घेणं), मग सराव.

अंगठा नेकमागे, मधल्या बोटासमोर. सुरुवात पाचव्या फ्रेटपासून, तिथे फ्रेट जवळजवळ असतात. बोट तारेवर नुसतं टेकवून छेडा: ठक्क, बंद आवाज. फ्रेटच्या पट्टीलगत दाब हळूहळू वाढवा. सूर स्वच्छ झाला की थांबा, तेवढाच दाब पुरे.

मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ५० वर, ठोक्याला एक सूर. पहिली तीन बोटं दाबलेलीच ठेवून करंगळी टेकवा. उचलताना ४-३-२-१, एकेक, सेंटिमीटरभरच. उडाली की वेग ५ ने खाली. अनामिका आणि करंगळीच्या कंडरा हाताच्या पाठीवर एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणून ३-४ ही जोडी वेगळी, रोज ५ मिनिटं. मनगट दुखलं की त्या दिवशी बंद.