परदेशाची बातमी कशी वाचावी: बापूंचा एक प्रश्न

8 मे 2025 ची रात्र. जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या चोपडा तालुक्यात घराच्या भिंती रात्रीही तापलेल्या असतात, तसे ते दिवस. भारत-पाकिस्तान संघर्ष पेटलेला, आणि टीव्हीवर पाकिस्तानचं कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी सारखी चालू होती. माझी मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली, केळी कापायला आलेली, माल आखाताच्या कंटेनरसाठी बोललेला. आता आपलीही बंदरं बंद पडणार, या भीतीने मी सकाळीच तो माल क्विंटलमागे 300 रुपये कमी घेऊन गावातल्या व्यापाऱ्याला देऊन टाकला. कराची बंदर जागेवरच होतं. 10 मेला शस्त्रसंधीही झाली.

त्या रात्री माझे वडील, बापू, खाटेवरून एकच विचारत होते: "हाई कोनी सांगं?" हे कोणी सांगितलं? मी लक्ष दिलं नाही. आता परदेशाची कुठलीही बातमी मी त्याच प्रश्नापासून वाचायला घेतो.

आधी मथळा सोडा आणि बातमीत सांगणारा माणूस शोधा. परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते, तिथल्या सरकारचं निवेदन, की नुसतंच 'सूत्रांच्या माहितीनुसार'? आपल्या बहुतेक वर्तमानपत्रांचा परदेशात स्वतःचा बातमीदार नसतो. मजकूर पीटीआय, रॉयटर्स, एपी, एएफपी अशा संस्थांकडून येतो, म्हणून वर 'वृत्तसंस्था' लिहिलेलं असतं. मथळा मात्र इथे बसून दिला जातो. झुकाव बहुतेक वेळा तिथेच शिरतो. ज्या बातमीत सांगणारा सापडतच नाही, तिच्यावर पैशाचा निर्णय घेऊ नका.

मग पेन्सिल घ्या आणि क्रियापदांखाली रेघ मारा. आपल्या बाजूने 'स्पष्ट केले', 'ठणकावले'. समोरच्याने 'दावा केला', 'कांगावा केला'. दोन्हीकडे फक्त 'म्हटले' लिहून तीच बातमी पुन्हा वाचा. किती माहिती उरते, ते लगेच कळतं. कधीकधी दोनच ओळी उरतात.

यानंतर समोरच्या देशाचं वर्तमानपत्र उघडा. पाकिस्तानचं 'डॉन', बांगलादेशच्या 'प्रथम आलो'ची इंग्रजी आवृत्ती, दोन्ही मोबाईलवर मिळतात. इंग्रजी जड वाटलं तर भाषांतराचं बटण दाबा. ते खरे आणि आपले खोटे, असं मी म्हणत नाही. त्या मे महिन्यात पाकिस्तानातही खोट्या बातम्यांचा पूर होता. दोघांचे झुकाव उलट दिशेला असतात, म्हणून दोघांचं जिथे जुळतं ती जागा पक्की धरावी. शस्त्रसंधीचंच बघा. 10 मेच्या संध्याकाळी 5 पासून गोळीबार थांबवायचा, हे दोन्हीकडे सारखं होतं. ती कोणी घडवली, यावर मात्र वाद. ट्रम्प म्हणाले अमेरिकेच्या मध्यस्थीने, पाकिस्तानने त्यांचे आभार मानले. आपले परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री म्हणाले, पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्याने आपल्या अधिकाऱ्याला फोन केला आणि तिथे ठरलं. वहीत मी पहिली गोष्ट 'पक्की' खाली लिहिली, दुसरी 'वादाची' खाली.

पण मला सगळ्यात जास्त टोचला तो 'दिलासा' हा शब्द. 27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने बऱ्याचशा भारतीय मालावर एकूण 50 टक्के शुल्क लावलं. पानभर बातम्या आल्या: कोण झुकणार, कोण नाही. त्याआधीच, 19 ऑगस्टपासून, सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं होतं. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. आमच्याकडे आलेल्या राष्ट्रीय दैनिकात मथळा होता, वस्त्रोद्योगाला दिलासा. खरंच आहे, गिरण्यांना दिलासा होताच. पण आमच्याकडे कापूस वेचणीला येतो तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे बाहेरचा कापूस बिनशुल्क येत असतानाच. त्या बातमीत कापूस पिकवणाऱ्याचं एकही वाक्य नव्हतं. देशाचं हित म्हणून जे छापलं जातं, त्यात देशातला कोण धरलाय आणि कोण वगळलाय, हेही तपासा. त्यासाठी बातमीत किती जण बोलले ते मोजायचं आणि प्रत्येकापुढे त्याचा धंदा लिहायचा.

शेवटचं काम आठ दिवसांनी करायचं. वहीत तारीख, बातमी, सांगणारा आणि एक मोकळा रकाना ठेवा. आठवड्याने त्या रकान्यात लिहा: खरं ठरलं, खोटं ठरलं, की पुन्हा कोणी बोललंच नाही. खोटं ठरलेलं ज्यांनी दुरुस्त करून छापलं, त्यांच्या नावापुढे मी खूण करतो. कराचीच्या ओळीसमोर मी त्या रात्री बघितलेल्या वाहिनीचं नाव लिहिलंय. दुरुस्तीची खूण अजून नाही.