विंडोज 10 चं मशिन 11 वर नेताना

विंडोज 10 बाजारात आलं 29 जुलै 2015 ला आणि त्याचा नेहमीचा सपोर्ट संपला 14 ऑक्टोबर 2025 ला. मशिन त्यानंतरही चालतं, फक्त सुरक्षेचे अपडेट येणं थांबतं. 11 वर जायचं की नाही हे आवडीनिवडीपेक्षा कॅबिनेटच्या आत काय बसवलंय त्यावर ठरतं. 10 जवळजवळ कुठल्याही जुन्या डब्यावर चढायचं. 11 ला 64 बिट प्रोसेसर, किमान 4 जीबी रॅम, 64 जीबी डिस्क, यूईएफआय (मशिन सुरू करायची नवी पद्धत) आणि टीपीएम 2.0 (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप किंवा प्रोसेसरमधली सोय) लागतं. 4 जीबी हा आकडा कागदावरचा. 8 जीबी रॅम आणि एसएसडी नसेल तर 11 च्या नादी लागू नका.

32 बिटचं 11 निघालेलंच नाही. 32 बिट विंडोज 10 वर डॉसची जुनी हिशेबाची पॅकेजं थेट चालतात, 11 वर ती उघडणार नाहीत. असं पॅकेज वापरात असेल तर आधी डॉसबॉक्समध्ये (डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवून, प्रिंट काढून बघा. शिवाय 32 बिटवरून थेट अपग्रेड होत नाही, सगळं नव्यानेच टाकावं लागतं.

प्रोसेसर बघताना इंटेलची आठवी पिढी ही ढोबळ सीमा धरा: आय5-7200यू बाहेर, आय5-8250यू आत. एएमडीत नुसत्या आकड्यावर जाऊ नका. रायझन 5 2600 चालतो, पण स्वस्तातल्या असेंबल्ड मशिनमध्ये सर्रास बसवलेला रायझन 3 2200जी नाव 2000 चं असूनही मायक्रोसॉफ्टच्या चालणाऱ्या प्रोसेसरच्या यादीत नाही, कारण आतली रचना आधीच्या पिढीची आहे. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की नेमकं कारण कळतं.

तिथे ‘टीपीएम नाही’ असं आलं तर लगेच नवा मदरबोर्ड घ्यायला धावू नका. आठव्या पिढीच्या बऱ्याच डेस्कटॉपमध्ये ते असतं, पण बंद असतं. बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणारी मशिनची सेटिंग) जाऊन इंटेलवर ‘पीटीटी’, एएमडीवर ‘एफटीपीएम’ चालू करा. त्याआधी एक गोष्ट मात्र न चुकता करा: डिस्क बिटलॉकरने किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शनने, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या कुलपाने, कुलूपबंद केलेली असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या आणि बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. टीपीएमच्या सेटिंगला हात लागला की मशिन पुढच्या वेळी तीच की मागतं, आणि की नसेल तर डेटा गेला म्हणून समजा.

खरी अडचण बऱ्याचदा पुढे येते. विंडोज+आर दाबून ‘एमएसइन्फो32’ उघडा आणि ‘बायोस मोड’ बघा. ‘लेगसी’ दिसलं तर डिस्क एमबीआर या जुन्या पार्टिशन पद्धतीची आहे. ती जीपीटी या नव्या पद्धतीची करायला हवी. पूर्ण बॅकअप घ्या, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजी अक्षरांत ‘एमबीआर2जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस’ द्या. यात काहीही बदलत नाही, फक्त तपासणी होते. ती पास झाली की ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’.

आपल्याकडे ही तपासणी नापास होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे सी, डी, ई असे पाडलेले ड्राइव्ह. डी आणि ई बहुतेक वेळा एक्स्टेंडेड पार्टिशनमधले लॉजिकल ड्राइव्ह असतात आणि हे साधन ते स्वीकारत नाही. प्रायमरी पार्टिशनही तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. त्यामुळे डी-ई मधला माल बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवा, डिस्क मॅनेजमेंटमधून ते ड्राइव्ह आणि त्यांचं रिकामं एक्स्टेंडेड पार्टिशन उडवा, मग पुन्हा तपासा.

कन्व्हर्ट झाल्यावरच बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद करून यूईएफआय करा. क्रम उलटा झाला तर बूट डिस्क सापडत नाही; घाबरू नका, सीएसएम परत चालू केलं की जुनं विंडोज उघडतं. सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर दोष बहुधा जुन्या ग्राफिक कार्डाचा. ते काढा आणि प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावा.

अपग्रेडसाठी सी ड्राइव्हवर 30 जीबी तरी मोकळी ठेवा आणि इन्स्टॉलेशन असिस्टंट चालवा. अस्सल 10 असेल तर 11 चे पैसे पडत नाहीत. पण ऑफिसच्या मशिनवर सुरुवात करण्याआधी डिजिटल सहीच्या टोकनचा आणि फॉन्टच्या डोंगलचा ताजा ड्रायव्हर उतरवून ठेवा. नव्याने टाकलेल्या 11 मध्ये ‘मेमरी इंटिग्रिटी’ बहुधा चालूच असते आणि ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करून काम भागतं, पण सुरक्षेचं एक कुलूप निघतं. नवा ड्रायव्हर मिळत असेल तर तोच टाका.

दिसण्यातले फरक किरकोळ आहेत. स्टार्ट बटण मध्ये गेलंय, टास्कबारच्या सेटिंगमधून ते डावीकडे आणता येतं. राइट क्लिकचा जुना मेनू शिफ्ट+एफ10 ने मिळतो. मराठी इनस्क्रिप्ट आणि फोनेटिक कीबोर्ड तसेच आहेत, विंडोज+स्पेसने बदलतात. नव्याने टाकलेल्या मशिनवर मंगल फॉन्टमधली जुनी पत्रं वेगळी दिसली, ओळी खाली-वर झाल्या, तर फाइल बिघडलेली नसते. 10 प्रमाणेच 11 मध्येही मंगल मुळात बसवलेला नसतो. सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’मधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ घ्या. कोकिळा आणि उत्साहही त्यातच येतात.

मशिन यादीत बसत नसेल तर तपासणी चुकवून 11 टाकायच्या युक्त्या आहेत, पण रोजच्या कामाच्या मशिनवर त्या नकोत. पुढचे अपडेट मिळण्याची हमी राहत नाही, आणि कोअर 2 ड्युओसारख्या मशिनवर 11 ची 24एच2 आवृत्ती तर सुरूच होत नाही. त्यापेक्षा 10 ची 22एच2 ही शेवटची आवृत्ती ठेवून ईएसयू (सपोर्ट संपल्यानंतरचे सुरक्षेचे अपडेट) घ्या. घरगुती मशिनसाठी त्याची जाहीर मुदत 13 ऑक्टोबर 2026 आहे. नावनोंदणीला मायक्रोसॉफ्ट खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप सिंक केला तर ते फुकट मिळतं.

11 वर जाऊन पस्तावलात तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी इथे ‘गो बॅक’ आहे. त्याची मुदत 10 दिवस. ती संपायच्या आत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘डिझम /ऑनलाइन /सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो /व्हॅल्यू:60’ दिलं तर 60 दिवस मिळतात. तोपर्यंत डिस्क क्लीनअपमध्ये ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ समोर टिक करू नका, नाहीतर परतीची वाट तिथेच बंद होते.