थंडीतला चटका: वस्तूंवर स्थिर विद्युत कशी साठते आणि ती कशी उतरवावी

डिसेंबर-जानेवारीत जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हवा कोरडी पडली, की दाराची कडी, गाडीचा दरवाजा, जिन्याचा लोखंडी कठडा, कशालाही हात लावताच बारीकसा चटका बसतो आणि घरच्या वायरिंगवर संशय जातो. आधी हा संशय फेडून घ्यावा. चटका एकदाच बसला आणि लगेच पुन्हा हात लावल्यावर काहीच जाणवले नाही, तर तो स्थिर विद्युतेचा समजावा. हात लावू तेव्हा झिणझिण्या येत असतील, तर त्या वस्तूपासून दूर राहून इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि हा लेख नंतर वाचावा.

दोन वेगवेगळ्या पदार्थांचे पृष्ठभाग एकमेकांना टेकले, की एकावरचे काही इलेक्ट्रॉन दुसऱ्यावर जातात आणि ते पृष्ठभाग दूर झाले तरी त्यांतले बरेचसे तिकडेच राहतात. असा साठलेला विद्युत प्रभार म्हणजेच स्थिर विद्युत. घासलेच पाहिजे असे नाही. घासल्याने टेकण्याच्या जागा वाढतात, एवढेच. केस, लोकर, नायलॉन हे सहसा इलेक्ट्रॉन देणारे, तर पॉलिएस्टर, पॉलिथीन, पीव्हीसी हे घेणारे. म्हणून पॉलिएस्टरच्या शर्टावर लोकरीचा स्वेटर ही जोडी सर्वांत त्रासदायक. सुती कापड या क्रमात मधोमध येते, शिवाय ते ओलावा धरून ठेवते. रात्री दिवा मालवून पॉलिएस्टरचे मऊ ब्लँकेट अंगावरून झटक्यात ओढून पाहावे: तडतड आवाज येतो आणि घडीच्या कडेला निळसर ठिणग्या पळताना दिसतात. सुती सोलापुरी चादरीने हा खेळ बहुधा जमत नाही.

हवेत दमटपणा असला, की वस्तूंवर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि प्रभार त्यावरून हळूहळू निघून जातो. पावसाळ्यात चटके बसत नाहीत ते यामुळेच. खानदेशातल्या मे महिन्यातल्या दुपारी हवा थंडीपेक्षाही कोरडी असते, तरी तेव्हा तक्रार कमी असते, कारण अंगाला घाम असतो आणि कपडे सुती असतात. कापसाचेही तसेच आहे. फार वाळलेला कापूस जिनिंगमध्ये आला, की रुईचे तंतू यंत्राच्या पत्र्याला चिकटू लागतात आणि त्याला थोडा ओलावा द्यावा लागतो.

कोरड्या हवेत १ सेंटिमीटरची ठिणगी पडायला साधारण ३०,००० व्होल्ट लागतात आणि बोटाला चटका जाणवतो तोच मुळी ३,००० व्होल्टच्या आसपास. आकड्यांनी दचकू नये; साठलेला प्रभार इतका थोडा असतो, की तो क्षणार्धात संपतो.

उपायाचे सूत्र असे, की प्रभार साठू द्यायचा नाही आणि साठलाच तर त्याला सावकाश वाट द्यायची. हातापायांना खोबरेल तेलापेक्षा पाण्याचा अंश असलेले क्रीम लावावे, कारण त्वचा ओलसर राहणे महत्त्वाचे. खोलीत ओले कपडे वाळत घातले तरी फरक पडतो. गाडीतून उतरताना सीटवरून उठण्याआधीच दरवाजाची धातूची चौकट धरावी आणि पाय जमिनीवर टेकेपर्यंत सोडू नये. कडीला बोटाच्या टोकाने शिवण्याऐवजी हातातल्या किल्लीने शिवावे. ठिणगी किल्लीच्या टोकाशी पडते आणि प्रवाह पकडीच्या मोठ्या जागेवर विभागला गेल्यामुळे दुखत नाही. संगणक उघडून रॅम बसवताना मात्र चटका न जाणवताही चिप खराब होऊ शकते. म्हणून संगणक बंद करून, प्लग काढून, आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावावा आणि रॅम कडेने धरावी.

सर्वाधिक काळजी पेट्रोलची. पेट्रोलची वाफ पेटायला सुमारे पाव मिलिज्यूल ऊर्जा पुरते आणि जाणवणाऱ्या चटक्यात त्याहून अधिक ऊर्जा असू शकते. फवारणी पंपासाठी पेट्रोल आणताना ते त्यासाठीच बनवलेल्या कॅनमध्येच घ्यावे. कॅन गाडीच्या सीटवर, ट्रॉलीत किंवा प्लॅस्टिकच्या चटईवर ठेवून भरू नये. तो जमिनीवर ठेवावा, नोझल त्याच्या तोंडाला टेकलेले असावे आणि धार संथ ठेवायला सांगावी. चारचाकीत पेट्रोल भरत असताना मध्येच आत बसून पुन्हा बाहेर येऊ नये. यावेच लागले, तर टाकीच्या झाकणापासून लांब, गाडीच्या पत्र्याला हात लावून मगच जवळ जावे.