पानाला आधी हात कुणी लावला? असमान नोडवरील मेमरीच्या अभ्यासाचा अनुभव

लिनक्सच्या कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) अभ्यासाला लागलेली फोंड्याकडची मुले मला हमखास एक शंका विचारतात: दोन प्रोसेसरांचा सर्व्हर हाताशी नसताना नूमा (नॉन-युनिफॉर्म मेमरी अ‍ॅक्सेस) शिकायचे कसे? मी त्याचा बराचसा भाग घरच्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर शिकलो, म्हणून तो मार्ग येथे लिहीत आहे.

नूमा यंत्रात मेमरी एकसंध दिसत असली तरी ती प्रोसेसरांजवळ वाटून ठेवलेली असते; प्रोसेसर आणि त्याच्या जवळची मेमरी मिळून एक नोड होतो. जवळची लवकर मिळते, पलीकडची उशिरा. रायबंदरच्या माणसाला पणजी रस्त्याने गाठता येते आणि चोडणला जायला फेरीबोट धरावी लागते, तसा हा फरक आहे. कर्नल ही अंतरे एका तक्त्यात ठेवतो. स्वतःच्या नोडचे अंतर १० मानतात, शेजारच्याचे बहुधा २० किंवा २१ असते.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळेच मला हा विषय खऱ्या अर्थाने समजला. एका मोठ्या अ‍ॅरेवर दोन्ही नोडवरचे थ्रेड (एकाच प्रोग्रामचे समांतर चालणारे भाग) काम करणार होते, पण त्यात आरंभी शून्ये भरण्याचे काम मी मुख्य थ्रेडकडे ठेवले होते. मेमरी मागणारे मॅलॉक हे फंक्शन केवळ पत्ते राखून ठेवते. ४ केबीचे प्रत्यक्ष पान (मेमरीचा ठरावीक तुकडा) त्या पत्त्यावर पहिल्यांदा लिहिताना, पेज फॉल्टच्या (पान जागेवर नसल्याने काम कर्नलकडे जाण्याच्या) वेळी मिळते आणि मूळ धोरणानुसार, जागा असेल तर, लिहिणारा थ्रेड ज्या नोडवर चालू असतो तेथूनच दिले जाते. साहजिकच सगळा अ‍ॅरे एकाच नोडवर बसला आणि अर्धे थ्रेड अखेरपर्यंत पलीकडची मेमरी वाचत राहिले. पाने नंतर हलवणारे स्वयंचलित संतुलन २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून कर्नलमध्ये आहे, परंतु आमच्या यंत्रावर ते बंद होते. ज्या थ्रेडने जो भाग वापरायचा, त्यानेच तो भरायचा, एवढ्या बदलाने काम मार्गी लागले.

घरी सरावासाठी क्यूएमू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये मुद्दाम विषम यंत्र उभे करावे: एका नोडला १५३६ एमबी, दुसऱ्याला ५१२. येथे अंतरे फक्त तक्त्यात असतात, वेगाचा फरक खरा नसतो. म्हणून या यंत्रावर वेळ मोजू नये, पाने कुठे जातात तेवढेच पाहावे. मी स्वॅप (मेमरी कमी पडल्यास डिस्क वापरण्याची सोय) बंद ठेवून ७०० एमबी मागणारा प्रोग्राम 'नूमासीटीएल' या आदेशाने लहान नोडला बांधला, म्हणजे फक्त तेथलीच मेमरी घेऊ दिली, तेव्हा मोठ्या नोडवर भरपूर जागा मोकळी असूनही कर्नलने तो मारून टाकला, आणि कर्नलच्या नोंदींत मेमरी धोरणाचे बंधन हे कारण दिसले. बांधण्याऐवजी लहान नोडला केवळ पसंती दिली, तेव्हा उरलेली पाने मोठ्या नोडवर गेली. नोडवार आकडे दाखवणाऱ्या 'नूमास्टॅट'मध्ये मोठ्या नोडचा 'नूमा मिस' (दुसरीकडे मागितलेली पाने येथे आली) आणि लहान नोडचा 'नूमा फॉरेन' (येथे मागितलेली पाने दुसरीकडे गेली) असे दोन्ही आकडे एकाच वेळी वाढले. हे दोन आकडे एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत, हे नवशिक्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

आळीपाळीने पाने वाटणारे इंटरलीव्ह धोरण अशा यंत्रावर अपुरे पडते, कारण दोघांना सारखा वाटा देताना लहान नोड आधी भरतो. २०२४ च्या ६.९ आवृत्तीत आलेल्या भारित इंटरलीव्हमध्ये प्रत्येक नोडला वेगळे वजन देता येते. वरच्या यंत्रावर ३ आणि १ अशी वजने देऊन तोच प्रोग्राम पुन्हा चालवावा, आणि मग ही धोरणे जिच्यात लिहिली आहेत ती, कर्नलच्या सोर्स कोडच्या एमएम निर्देशिकेतील मेमपॉलिसीची फाईल उघडावी.