‘लास मेनिनास’ची नक्कल करताय? मग या चुका टाळा

तैलरंग शिकताना ‘लास मेनिनास’ची नक्कल करायला घेतलेले बहुतेक जण सगळ्यात आधी राजकन्येचा चेहरा रंगवतात. चित्र बिघडायला तिथूनच सुरुवात होते. स्पॅनिश चित्रकार वेलास्केझने १६५६ मध्ये रंगवलेल्या या चित्रात आरशातले राजा-राणी धरून अकरा माणसं आहेत, शिवाय एक कुत्रा. पण ही सगळी मंडळी कॅनव्हासच्या खालच्या अर्ध्यात आहेत. वरती आहे ती नुसती खोली: अंधारं छत आणि भिंतीवरच्या काळपट तसबिरी. ही खोली जमली नाही, तर माणसं कितीही सुबक निघोत, कापून चिकटवल्यासारखीच दिसतात.

खोलीच्याही आधी माप बघा. मूळ चित्राची उंची ३१८ सेंटीमीटर आणि रुंदी २७६. तयार मिळणारा २० × २४ इंची कॅनव्हास या प्रमाणात बसत नाही. २० इंच रुंदीला उंची २३ इंचच येते. ग्रिड, म्हणजे नक्कल उतरवण्यासाठी आखलेली चौकोनांची जाळी, ताणून बसवली की सगळी माणसं किंचित लांबुडकी होतात, आणि ते लक्षात येतं थेट चेहऱ्यांपाशी. वरची इंचभर पट्टी टेपने झाका आणि मगच चौकोन आखा. उजव्या भिंतीच्या तिरक्या रेषा मागच्या दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हाताजवळ जाऊन मिळतात. तो बिंदू आधी पक्का करा.

माणसं एकेक करून काढू नका. डावीकडची सखी गुडघ्यावर टेकून ताटलीतलं लाल भांडं पुढे करते आहे. तिचं डोकं आणि राजकन्येचं डोकं यांच्यामधला अंधार नीट पाहा आणि त्याचाच आकार काढा. तो बरोबर आला की दोन्ही डोकी आपोआप जागेवर बसतात.

आता टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा. माझ्या मते सगळ्यात जास्त नकला इथेच फसतात. डोळे किलकिले करून चित्र पाहिलं तर राजकन्येचा झगा आणि मागचं उघडं दार लख्ख उठून दिसतात. आरसा मात्र मंद आहे. पण आत राजा-राणी आहेत म्हणून शिकणारा त्यांना उजळ करतो, चेहऱ्यांना कडा देतो, आणि मागची भिंत एकदम पुढे येते. खोलीची सगळी खोली गेली! आरसा धूसरच ठेवा. सुरुवातीला फक्त रॉ अंबर हा मातकट तपकिरी रंग घेऊन गडद, मध्यम आणि उजळ अशा तीन टोनमध्ये अख्खं चित्र मांडा. तो थर वाळेपर्यंत दुसऱ्या रंगाला हात लावू नका.

वरच्या अंधारासाठी आयव्हरी ब्लॅक जाड थापण्याचा मोह होतो. हा रंग फार सावकाश वाळतो. त्यावर लवकर वाळणारा थर चढवला तर पुढे तडे जाऊ शकतात. रॉ अंबरमध्ये थोडा अल्ट्रामरीन (गडद निळा) मिसळून पातळ थर द्या. अंबर लवकर वाळतो आणि अंधारही जिवंत राहतो. पहिले थर टर्पेंटाइनने पातळ केलेले असावेत, तेलाचं प्रमाण नंतरच्या थरांत वाढवत न्यावं.

वाळल्यावर गडद भागात कुठे कुठे मंद, राखट डाग दिसले तर रंग चुकला असं समजून वरून पुन्हा काळा फासू नका. खालच्या थराने तेल शोषून घेतलेलं असतं. थर पुरता वाळला असेल तर त्या जागी जवसाच्या तेलाचा अगदी पुसट हात फिरवा, जास्तीचं तेल फडक्याने टिपून घ्या. मूळ रंग परत दिसतो.

चेहऱ्यांचे रंग मळत असतील, तर बहुधा खालचा अंबर अजून ओला आहे. आणखी पांढरा घालून ते सुटत नाही, चेहरे फक्त खडूसारखे होतात. पुसून टाका आणि वाळू द्या.

आणि झग्यावरची चंदेरी नक्षी बारीक ब्रशने विणत बसू नका. जवळून पाहिलं तर तिथे लेस नाहीच, रंगाचे मोकळे फटकारे आहेत. मधल्या आकाराचा ब्रश भरून घ्या, एका हालचालीत फटकारा मारा आणि हात उचला. नाही जमला तर फडक्याने पुसून पुन्हा मारा. ओल्या रंगावर दुरुस्ती करत बसलात की त्यातला ताजेपणा गेलाच.